ज्युबिलीचें शिंग

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पनवेल येथें भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं, म्हणून परमेश्वराचे आभार मानण्यास आपण आज येथें जमलों आहों. ज्या पूर्वजांनीं पदरमोड करून हें मंदिर उभें केलें, त्यांचें स्मरण पूज्य फादरांनीं आपल्या उपदेशांत केलेंच आहे. त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आम्हांस आज एका लहानशा प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें आहे. उत्सवाच्या तयारीसाठीं आम्ही मंडळी बसलों असतां धर्मशिक्षणाच्या वर्गांतील एका मुलानें विचारिलें, "ह्याला ज्युबिली कां म्हणतात?" आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. तो शब्द फलकावर मोठ्या अक्षरांत रंगविला होता, वर्गणीच्या पावतीवर छापला होता. परंतु त्याचा अर्थ सांगण्यास कोणी पुढें येईना. आजचें हें भाषण म्हणजे त्या मुलास दिलेलें उशिराचें उत्तर होय.

"ज्युबिली" हा शब्द आपल्याकडे इंग्रजींतून आला आणि त्यापूर्वीं तो लॅटिनमध्यें होता. परंतु त्याचें माहेर इब्री भाषेंत आहे. "योबेल" म्हणजे मेंढ्याचें शिंग. हें शिंग केव्हां आणि कशासाठीं फुंकावयाचें, तें जुन्या करारांतील लेवीय नांवाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे. सात वर्षांचें एक सप्तक, अशीं सात सप्तकें मोजावींत, म्हणजे एकूणपन्नास वर्षें होतात. त्यापुढील पन्नासावें वर्ष पवित्र मानावें आणि सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं, देशभर शिंगाचा नाद करावा. तो नाद ऐकतांच, कर्जापायीं ज्यानें स्वतःस विकलें असेल त्यानें मोकळें होऊन आपल्या मुलांबाळांत परत जावें. ज्याची वडिलोपार्जित जमीन गेली असेल त्यास ती परत मिळावी. शेतांत त्या वर्षीं पेरणी होऊं नये. ह्या आज्ञेचें कारणहि तेथेंच दिलें आहे. जमीन देवाची आहे. मनुष्य तिजवर पाहुणा म्हणून राहतो. म्हणून ती कोणास कायमची विकण्याचा अधिकार नाहीं.

आतां विचार करा. ह्या अध्यायांत पताका नाहींत, बँड नाहीं, स्नेहभोजन नाहीं. आनंद आहे, परंतु तो सुटलेल्या माणसाचा आनंद आहे. पन्नास वर्षांचा हिशेब आपण त्या ग्रंथांतून घेतला आणि शिंगाचा नाद मात्र मागें ठेविला, असें तर झालें नाहीं ना? आणि त्याच्या मागें एक मोठा प्रश्न उभा राहतो. हजारों वर्षांपूर्वींच्या यहुदी राष्ट्राचें शास्त्र आज पनवेलच्या ख्रिस्ती माणसाचें कोण लागतें?

ह्या प्रश्नाचें उत्तर प्रथम आपल्या प्रभूनें दिलें आहे. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत सांगतो कीं, येशू आपल्या रिवाजाप्रमाणें शब्बाथ दिवशीं नाझरेथच्या सभास्थानांत गेला आणि वाचावयास उभा राहिला. त्याच्या हातीं यशया संदेष्ट्याची गुंडाळी देण्यांत आली. त्यानें जो भाग उघडला, त्यांत दीनांस सुवार्ता, बंदिवानांस सुटका आणि प्रभूच्या कृपेचें वर्ष यांची घोषणा आहे. आणि हें कृपेचें वर्ष म्हणजे योबेल वर्षाचाच प्रतिध्वनि होय. वाचन संपवून, गुंडाळी परत देऊन तो खालीं बसला, आणि हें वचन आज तुमच्या देखत पूर्ण झालें आहे, अशा अर्थाचें बोलला. बंधूंनो, त्यानें नवा ग्रंथ आणला नाहीं. जो ग्रंथ त्याच्या मातेच्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या जपला होता, तोच त्यानें त्यांच्याच प्रार्थनागृहांत उघडला.

पूर्ण करणें म्हणजे रद्द करणें नव्हे. आपल्या तालुक्यांत भाताचें पीक लोंबीस आलें म्हणजे शेतकरी हर्ष करितो. परंतु आतां लोंबी आली, मुळांचें काय काम, असें म्हणून तो मुळें उपटीत नाहीं. दुसऱ्या शतकांत मार्सियन नांवाच्या एका मनुष्यानें रोममध्यें नेमकें हेंच करूं पाहिलें. जुन्या कराराचा देव निराळा, ख्रिस्ताचा पिता निराळा, म्हणून तो करार टाकून द्यावा, असें त्याचें म्हणणें होतें. ख्रिस्तसभेनें तें मत नाकारिलें आणि त्यास आपल्यांतून दूर केलें. म्हणूनच आज आपल्या कॅथलिक बायबलांत जुन्या कराराचीं ४६ आणि नव्या कराराचीं २७ पुस्तकें एकाच बांधणींत आहेत.

येथें एक शंका सहज उत्पन्न होते, आणि तीहि मुलेंच अधिक स्पष्टपणें विचारतात. जुना करार आपला असेल, तर त्यांत पर व खवले नसलेले जलचर निषिद्ध असतां आपण कोळंबी व चिंबोरी कां खातों? दहा आज्ञा पाळावयाच्या आणि हा नियम पाळावयाचा नाहीं, हें कोणी ठरविलें? ही आपल्या सोयीची निवड नव्हे. प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकांत, यापो येथें संत पेत्रास झालेलें दर्शन आणि त्यानंतर जेरुसलेम येथें भरलेली प्रेषितांची सभा, यांचें वर्णन आहे. यहुदी नसलेल्या श्रद्धावंतांवर मोशेच्या नियमांचें संपूर्ण ओझें लादूं नये, असा निर्णय तेथें झाला. पुढें तेराव्या शतकांत संत थॉमस अक्विनास यांनीं त्या नियमांचे तीन भाग करून दाखविले. नीतीच्या आज्ञा सर्वकाळ बंधनकारक आहेत. उपासनेचे व शुद्धाशुद्धतेचे नियम ख्रिस्ताकडे बोट दाखविणारे होते. तो आला, त्यांचें कार्य झालें. तिसरे, त्या राष्ट्राच्या न्यायव्यवस्थेचे नियम. ते कायदा म्हणून आपणांवर लागू नाहींत. परंतु त्यांच्या पोटांत जो न्याय आहे, तो शिळा होत नाहीं.

योबेल वर्षाची आज्ञा ह्या तिसऱ्या भागांत येते. दर पन्नास वर्षांनीं सातबाऱ्याचे उतारे बदलावे, असें ख्रिस्तसभा सांगत नाहीं. परंतु कर्जानें माणूस गिळला जाऊं नये आणि जमीन हा केवळ खरेदी-विक्रीचा माल समजूं नये, हें ती विसरूंहि देत नाहीं. ख्रिस्तसभेची पहिली ज्युबिली पोप आठवे बोनिफास यांनीं १३०० सालीं केली आणि दुसरी १३५० सालीं झाली; १४७५ पासून ती सामान्यतः दर पंचवीस वर्षांनीं येऊं लागली. नुकतीच २०२५ ची ज्युबिली होऊन गेली. तींत पापांची क्षमा व तीर्थयात्रा यांवर भर असतो, आणि तो योग्यच आहे. कारण पाप हेंहि एक कर्ज आहे. मात्र स्वतःचें कर्ज माफ करून घेऊन दुसऱ्याच्या मानेवर बसणाऱ्या चाकराची गोष्ट प्रभूनें सांगितली आहे, तीहि विसरतां येत नाहीं.

हें नातें केवळ विद्वानांच्या ग्रंथांत आहे असें नव्हे. तें आपल्या जिभेवर आहे. "आमेन", "आलेलुया", "होसान्ना" हे तिन्ही शब्द इब्री आहेत. मिस्सामध्यें आपण जें पवित्र-पवित्र-पवित्र गातों, तें यशयाच्या सहाव्या अध्यायांतून आलें आहे. पवित्र मरियेच्या गीतांत शमुवेलाची आई हन्ना हिच्या गीताचे सूर आहेत. ईस्टरच्या जागरणांत जुन्या करारांतील सात वाचनें नेमिलेलीं आहेत. वेळेअभावीं कांहीं गाळतां येतात, परंतु इस्राएल लोक समुद्रांतून पार झाले, तें वाचन कधींहि गाळतां येत नाहीं. १९६९ च्या वाचनक्रमापासून बहुतेक रविवारीं पहिलें वाचन जुन्या करारांतून होतें. खेद एवढाच कीं, पुष्कळ वेळां त्या वाचनाच्या वेळीं आपल्यांपैकीं अर्धे लोक बाहेर पादत्राणें काढीत असतात.

आपल्या मराठी भाषेसहि हें नातें नवें नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज येशूसंघीय १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. अकरा हजारांच्या जवळपास ओव्यांच्या त्या ग्रंथाचे दोन भाग आहेत, आणि पहिला संपूर्ण भाग जुन्या कराराच्या कथेस वाहिलेला आहे. साष्टीच्या नवख्रिस्ती शेतकऱ्यांस ख्रिस्त समजावयाचा, तर अब्राहाम आणि मोशे वगळून चालणार नाहीं, हें त्या साधुपुरुषानें जाणलें होतें.

गोव्याचें नांव निघालें, म्हणून तेथील दुसरी गोष्टहि सांगितली पाहिजे. ती न सांगतां हा उत्सव करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्यानें आपल्या देशांतील औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. तो यहुदी वंशाचा होता. त्याच्या घराण्यास बळानें बाप्तिस्मा घ्यावा लागला होता. १५६८ सालीं तो वारला. पुढच्याच वर्षीं, गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, त्याच्या बहिणीस इन्क्विझिशननें जाळविलें. आणि १५८० सालीं खुद्द त्याचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळण्यांत आलीं. म्हणजे ज्या नगरींत फादर स्टीफन्स एक वर्षापूर्वीं उतरले होते, त्याच नगरींत मोशेचा ग्रंथ पूज्य मानणाऱ्यांनीं मोशेच्या लोकांचीं हाडें जाळलीं. शास्त्र आपलें म्हणावयाचें आणि ज्यांनीं तें आपल्या हातीं दिलें त्यांस शत्रु मानावयाचें, हा मार्सियनच्या चुकीहून अधिक क्रूर अपराध होय. १५६० सालीं गोव्यांत बसविलेलें तें न्यायालय मधल्या अल्प खंडानंतर पुन्हां सुरू होऊन शेवटीं १८१२ सालीं बंद झालें. त्याच्या झळा आपल्या हिंदु बांधवांसहि लागल्या, हें आपण जाणतोंच.

परमेश्वराची कृपा कीं ख्रिस्तसभेनें आपल्या ह्या पापाकडे पाठ फिरविली नाहीं. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेंत यहुदी लोकांविषयीं जो अनादराचा शब्द शतकानुशतकें उच्चारला जात होता, तो पोप तेविसावे योहान यांनीं १९५९ सालीं काढून टाकिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं प्रसिद्ध केलेल्या पत्रकांत स्पष्ट सांगितलें कीं, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवतां येत नाहीं. संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांतील जैतूनाच्या झाडाचा दृष्टांतहि परिषदेनें पुढें मांडिला. मूळ झाड इस्राएलाचें आहे आणि आपण त्यावर कलम केलेल्या रानटी फांद्या आहों. फांदीनें मुळास हिणवूं नये. देव आपलीं दानें परत घेत नाहीं. १९८६ सालीं पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्यें गेले आणि त्यांनीं यहुद्यांस वडील बंधु म्हणून संबोधिलें.

बंधूंनो, हे वडील बंधु पाहण्यास आपणांस रोमला जावयास नको. ह्याच पनवेल शहरांत १८४९ सालीं बांधलेलें बेने इस्राएलांचें सिनेगॉग उभें आहे. जुनी इस्राएल मंडळी आपल्या सिनेगॉगास मशीद म्हणत. त्याचें नांव "बेथ एल", म्हणजे देवाचें घर. हें नांव उत्पत्तीच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांतून घेतलें आहे. घर सोडून निघालेला याकोब उशास दगड घेऊन उघड्यावर निजला. त्यास स्वर्गापर्यंत पोंचलेली शिडी दिसली. जागा होतांच त्यानें त्या दगडावर तेल ओतलें आणि त्या जागेस हें नांव दिलें. आपल्या मंदिरांच्या समर्पणाच्या मिस्सासाठीं ख्रिस्तसभेनें परंपरेनें जें प्रवेशगीत योजिलें आहे, तें ह्याच प्रसंगांतून घेतलें आहे. म्हणजे त्यांच्या दाराचें नांव आणि आपल्या वेदीवरील तेल, दोन्हीं एकाच दगडापासून आलीं आहेत.

त्यांची परंपरा सांगते कीं, त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले; सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या; ग्रंथ समुद्रांत गेले. देव एकच आहे ही प्रार्थना, शब्बाथ, सुंता आणि खाद्यनियम एवढें त्यांच्या स्मरणांत राहिलें. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून कुलाब्याच्या गांवोगांवीं त्यांस शनवार तेली म्हणत. पेणकर, दिवेकर, राजपूरकर हीं त्यांचीं आडनांवें आपल्याच मातीचीं आहेत. एलिया संदेष्ट्याच्या नांवानें ते पोहे, गूळ, खोबरें व फळें घालून मलिद्याचा विधि करितात. आणि तोच एलिया आपणांस प्रभूच्या रूपांतराच्या डोंगरावर भेटतो.

एकोणिसाव्या शतकांत प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं त्यांस मराठी जुना करार वाचावयास दिला. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींत इब्री व्याकरण काढिलें. हेतु त्यांस ख्रिस्ती करण्याचा होता. घडलें तें निराळें. तो ग्रंथ वाचून त्यांपैकीं बहुतेक लोक आपल्याच धर्मांत अधिक दृढ झाले. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनीं इब्री प्रार्थना मराठींत आणिल्या, आणि १८८० च्या सुमारास ही मंडळी अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं कीर्तनें मराठींत करूं लागली. फादर स्टीफन्सांच्या ओव्या आणि इस्राएलांचें कीर्तन, दोहोंत तेच पूर्वज, तीच भाषा. २००१ सालीं परमगुरूंच्या बायबल-आयोगानें मान्य केलें कीं, यहुद्यांचें आपल्या शास्त्राचें वाचन हेंहि त्या शास्त्राशीं सुसंगत असें वाचन आहे आणि ख्रिस्ती लोकांस त्यापासून पुष्कळ शिकतां येईल. आपण त्या शास्त्रांत ख्रिस्त पाहतों. तो विश्वास आपण लपवीत नाहीं. परंतु ज्यांस तो तेथें दिसत नाहीं, त्यांनीं तें शास्त्र निष्कारण जपलें असें म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

१९४८ नंतर ह्या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. आतां येथें थोडींच घरें उरलीं आहेत. हा शेजार संपण्यापूर्वीं आपण त्यांस ओळखणार कीं नाहीं, हा आजचा प्रश्न आहे.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊं. पन्नासाव्या वर्षास ज्युबिली म्हणतात, कारण त्या वर्षीं कोणाची तरी सुटका व्हावयास पाहिजे. आपल्या तालुक्यास हा अध्याय परका वाटूं नये. १९७० नंतर नव्या मुंबईसाठीं पनवेल व उरण येथील गांवांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत गोळीबारांत पांच जणांनीं प्राण दिले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. वडिलोपार्जित जमीन हें केवळ धन नव्हे, हें लेवीयाचें म्हणणें आपल्या शेजाऱ्यांनीं रक्तानें लिहिलें आहे. आणि आमचा कातकरी बांधव? पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो, म्हणून तो वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतो आणि दिवाळीनंतर बायको-मुलांसह ती फेडण्यास जातो. हिशेबाच्या वेळीं अंगावर बाकी उरली, तर पुढचें वर्षहि गहाण पडतें. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली. परंतु वहींतील बाकी कायद्यास नेहमींच दिसते असें नाहीं.

म्हणून आम्ही ह्या सभेपुढें तीन गोष्टी नम्रपणें ठेवितों. एक, ह्या वर्षीं प्रत्येक घरांत लेवीयाचा पंचविसावा व लूकचा चौथा अध्याय एकत्र बसून वाचावे. दोन, आपल्या धर्मग्रामाच्या वतीनें वडिलधाऱ्यांनीं बेथ एलच्या मंडळींस भेटून आपल्या आनंदाचें वर्तमान सांगावें, आणि ज्यांच्या शब्दानें आपण हा उत्सव करितों त्यांचे आभार मानावे. तीन, ज्यांच्या वहींत कामकऱ्याच्या, घरगड्याच्या किंवा कुळाच्या नांवें जुनी बाकी आहे, त्यांनीं ती वही उत्सव संपण्यापूर्वीं एकांतांत उघडून पाहावी. कोणाची बाकी किती, हें येथें कोणी विचारणार नाहीं. काय खोडावयाचें, हें ज्याचें त्यानें देवासमक्ष ठरवावें.

तसें झालें, तर त्या मुलास पुन्हां समजावून सांगावें लागणार नाहीं. बापानें वही मिटतांना त्यानें पाहिलें, म्हणजे ज्युबिली कशास म्हणतात तें त्यास कळेल. परमेश्वर, अब्राहामाचा देव आणि आपल्या प्रभु येशू ख्रिस्ताचा पिता, आपणां सर्वांस तें धैर्य देवो. आमेन.